कर्ज आणि बटई

भांडवल हा शब्द कानी पडला म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय मनापुढे बहुधा दोनच वस्तू उभ्या राहतात: सावकाराची चोपडी आणि पेढीवरील मुदतठेवीची पावती. पैसा दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा तो ठराविक व्याजाने आणि भक्कम तारणावर द्यावा, एरवी देऊच नये, अशी आपली पिढीजात शिकवण. दानधर्माची गोष्ट वेगळी. तेथे दिलेले परत येण्याची अपेक्षाच नसते. परंतु कर्ज आणि दान ह्यांच्या मधोमध तिसरा एक व्यवहार आहे. दुसऱ्याच्या धाडसात आपला वाटा टाकावा, यश आले तर त्याच्याबरोबर खावे, अपयश आले तर त्याच्याबरोबर उपाशी राहावे, असा तो व्यवहार होय. सुशिक्षितांना तो परका वाटतो. मात्र आमच्या गावच्या निरक्षर कुणब्याला तो पूर्वीपासून ठाऊक आहे.

सोलापुराहून विजापूरच्या सडकेने निघून सीना ओलांडली, की थोड्याच वेळाने मंद्रूप लागते. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही, अशी आमची बोली. आणि दृष्टी पोचेल तेथवर काळे रान. येथला शेतकरी पावसाळा सरताना, भाद्रपद-आश्विनात, शाळू पेरतो. त्यानंतर पाऊस पडेलच असा नेम नाही. जमिनीच्या पोटात जी ओल साठली असेल तिच्यावरच पीक पोसावयाचे. अशा मुलखात स्वतःची बैलजोडी नसलेला किंवा वय झालेला जमीनधारक आपले रान बटईने देतो. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे, आणि जे पिकेल ते ठरल्याप्रमाणे दोघांचे. ओल कमी पडली तर दोघांचीही खळी रिकामी. बटईदाराच्या दारी तगादा लावण्यास कोणी जात नाही, कारण बुडाले ते दोघांचे बुडाले, हे उभय पक्षांस मान्य असते.

हा विचार मनात घोळू लागण्यास माझा पुतण्या कारण झाला. तो सोलापुरात यंत्रविद्येची पदवी घेऊन पुण्यास संगणकाच्या धंद्यात चांगल्या पगारावर आहे. गेल्या दिवाळीत त्याने घरात जाहीर केले, की नोकरी सोडून जमिनीतील ओल मोजणारे व पाणी केव्हा द्यावे हे मोबाइलवर कळविणारे एक स्वस्त उपकरण तयार करण्याचा आपला मानस आहे. त्यासाठी घरातून काही रक्कम हवी. दादा म्हणजे त्याचे वडील. ते म्हणाले, ‘‘कर्ज काढून देतो, पण हप्ते तूच फेडायचे.’’ वहिनींनी डोळ्यांस पदर लावला. पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘काका, तुम्ही आयुष्यभर मुलांना वालचंद हिराचंदांचा धडा शिकवलात. आता काय म्हणता?’’ मी निवृत्त शिक्षक. प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर द्यावयाचे तर ज्या पुरुषाचे नाव त्याने घेतले त्याचे चरित्र पुन्हा नीट तपासणे प्राप्त होते.

वालचंद हिराचंद दोशी ह्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. घराणे व्यापारी व सावकारी पेशाचे. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत काही काळ काढून पदवी न घेताच ते परतले. वाडवडिलांची पेढी सांभाळली असती तर आयुष्य सुखात गेले असते. परंतु त्यांनी लक्ष्मणराव फाटक नामक, पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा मक्ता घेतला. एकाकडे कामाची माहिती होती, दुसऱ्याकडे पैसा व पत होती. सावकाराच्या पुत्राने माहीतगार माणसास पैसा व्याजाने न देता त्याच्या कामात स्वतःच उतरावे, ही मला त्यांच्या चरित्रातील पहिली मोठी घटना वाटते.

पुढची कामे सर्वांस ठाऊक आहेत. तथापि त्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९१९ साली, महायुद्ध नुकतेच संपले असता, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकत घेऊन नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्या वर्षीच्या ५ एप्रिलला ती बोट मुंबईहून विलायतेस निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. गोऱ्या कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून ह्या नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा यत्न केला. १९२३ साली दहा वर्षांचा करार करून, आपल्या जहाजांच्या एकंदर वजनावर मर्यादा पत्करून, सिंधियाला जगावे लागले. हा काही विजय नव्हे. पण कंपनी जगली. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली; १९४१ च्या जूनमध्ये विशाखापट्टण येथे जहाजांच्या कारखान्याची कोनशिला बाबू राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली; १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. जल, आकाश आणि भूमी ह्या तिन्ही मार्गांवर चालणारी वाहने देशात घडावीत, असा हा एकच संकल्प होता.

आता ह्या वृक्षांची फळे कोणी खाल्ली ते पाहू. विमानांचा कारखाना १९४२ साली युद्धाच्या निकडीत सरकारने आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणला बांधलेले ‘जल उषा’ हे जहाज १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, पण १९५२ साली त्या कारखान्याचा दोन-तृतीयांश हिस्सा सरकारकडे गेला आणि १९६१ पर्यंत उरलेलाही गेला. वालचंद स्वतः ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले. त्यांच्या मोटारींच्या कारखान्यातून पुढे निघालेली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची लक्ष्मी झाली; तिचीही सद्दी २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. सिंधिया कंपनीही आज उरली नाही. दादांनी हा हिशेब ऐकला असता तर ते म्हणाले असते, ‘‘बघ, शेवटी हातात काय राहिले?’’

हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. पण त्याला उत्तर आहे, आणि ते दोन भागांत आहे. पहिले असे, की वालचंदांनी सर्वस्व कधीच एका फाशावर लावले नाही. मक्तेदारीची कामे, भोरघाटातील बोगद्यांसारखी कष्टाची पण पैसा देणारी, चालूच होती. रावळगाव आणि वालचंदनगर येथे ऊस व साखर होती. ह्या स्थिर उत्पन्नाच्या बांधावर उभे राहून त्यांनी आगबोटीची व विमानाची स्वप्ने पाहिली. आमचा शेतकरी घरखर्चापुरता शाळू पेरून मगच उरल्या रानात कांद्याचा जुगार खेळतो, त्याच जातीची ही विवेकबुद्धी होय. दुसरे असे, की कारखाना हातचा गेला म्हणजे तो नष्ट झाला असे नव्हे. बंगळूरचा तो कारखाना १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स ह्या नावाने विमाने घडवीत आहे. विशाखापट्टणच्या गोदीत जहाजांची कामे चालू आहेत. वालचंदनगरच्या यंत्रशाळांत आपल्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. सावकाराचे मुद्दल परत आले की व्यवहार संपतो; वाटेकऱ्याने पेरलेले मात्र त्याच्या पश्चातही उगवत राहते.

तरीही ह्यावरून प्रत्येक तरुणाने नोकरी सोडावी असा बोध मी काढीत नाही. वालचंदांपाशी घराण्याची पत होती. ती सर्वांपाशी नसते. म्हणूनच तर ज्याच्यापाशी ती नाही त्याला कोणीतरी ती द्यावी लागते. आपल्या समाजात हुशार मुलांचा तुटवडा नाही, पैशाचाही पूर्वीइतका नाही. तुटवडा आहे तो मुलाबरोबर बुडण्यास तयार असलेल्या पैशाचा. मुलाच्या डोक्यावर हप्त्यांचे ओझे देऊन त्याला धाडस कर म्हणणे, म्हणजे बैलाच्या पायात लोढणे बांधून त्याला शर्यतीत सोडण्यासारखे आहे.

पुतण्याला मी माझे उत्तर पत्राने कळविले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून दोन लक्ष रुपये त्याला दिले आहेत. ते कर्ज नाहीत, व्याज नाही, तगादा नाही. देणगीही नाही, नफ्यात माझा वाटा राहील आणि दर सहामाहीस तो मला हिशेब दाखवील. अट एकच घातली आहे: दीड वर्षभर आठवड्यातील काही दिवस दुसऱ्यांची कामे पत्करून त्याने आपला घरखर्च भागवावा, आणि त्याचे पहिले उपकरण आमच्या ओढ्याकाठच्या रानात, शाळूच्या पिकात, एक हंगामभर रोवले जावे. दादांनी पत्र वाचले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी इतकेच विचारले, की उपकरणासाठी रानाचा कोणता कोपरा मोकळा ठेवू. ओल कोठे अधिक काळ टिकते हे त्या रानात त्यांच्याइतके कोणास ठाऊक आहे!