नक्कल पुरी झाली का?

फायली एका ठिकाणाहून दुसरीकडे उतरवणे हे आम्ही आजवर निव्वळ कारकुनी काम समजत होतो. एका पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी तो समज गेला.

आमच्या वडिलांनी आसपासच्या वाड्यांतून हिंडून जात्यावरच्या ओव्या कॅसेटींवर मुद्रित केल्या होत्या. त्या गाणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आता नाहीत. कोकणातल्या दमट हवेत फितींना बुरशी धरते, म्हणून साऱ्या ओव्या आम्ही संगणकात भरून ठेवल्या होत्या. पुढे तो संगणकही थकला, तेव्हा त्या नव्या डिस्कवर हलवणे भाग पडले.

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आम्ही ‘सीपी’ ही आज्ञा दिली. काम सुरळीत चालले असेल तर तोंड उघडायचे नाही, ही युनिक्सच्या घराण्याची रीत. एका आज्ञेचे फलित दुसरीकडे सोपवायचे असते, त्यात बडबड मिसळू नये, हा त्यामागचा विचार. विचार रास्तच, पण बाहेर धुवांधार पाऊस, घरातले दिवे मिणमिणताहेत आणि पडद्यावर काहीच हालचाल नाही! पाऊण तासाने धीर सुटला आणि आम्ही आज्ञा मध्येच तोडली. मग कोणती फाईल पुरी उतरली आणि कोणती अर्धवट राहिली, हे कळेना.

भाच्याने फोनवरून ‘आरसिंक’ सुचवली. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांची ही १९९६ सालची निर्मिती. सांगितले तर ती टक्केवारी, वेग आणि वेळ दाखवते. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहिते आणि पुरी झाल्यावरच तिला खरे नाव देते. शिवाय पुन्हा चालवली तर पुऱ्या झालेल्या फायली वगळते. आकडे सरकू लागले आणि आम्ही स्वस्थ चहा प्यालो. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोग करून दाखवले होते, की असा प्रगतिदर्शक माणसांना हवासा वाटतो. काम त्याने लवकर होत नाही. वाट पाहणे तेवढे सुसह्य होते.

शंभर टक्के दिसताच आम्ही डिस्कची वायर काढली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन फायली उघडेनात. लिहिलेला मजकूर आधी संगणकाच्या स्मृतीत थांबतो आणि डिस्कवर सवडीने उतरतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते. ‘सिंक’ ही आज्ञा द्यावी, डिस्क रीतसर अनमाउंट करावी आणि मगच वायरीला हात लावावा.

पूर्वी पोथ्या उतरवणारे लेखक अखेरीस ग्रंथसंख्या नोंदवत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, या मापाने पोथीचा विस्तार मोजत. त्यावरून मजुरी ठरवता येई आणि पोथी पुरी उतरली की नाही, याचाही अंदाज येई. आम्ही मात्र किती उतरले तेवढे पाहिले. नेमके तेच उतरले का, हे विचारलेच नाही.

सुदैवाने मूळ प्रत शाबूत होती. आम्ही सारे पुन्हा उतरवले, सिंक केले, डिस्क काढून परत जोडली आणि आरसिंकला दोन्हींकडच्या फायलींचे चेकसम ताडून केवळ फरक सांगायला लावले. बराच वेळ पडद्यावर एक अक्षर उमटले नाही. आज्ञा संपली, तीही मुकाट्याने. कुठेही फरक नव्हता.

मग आम्ही नव्या डिस्कवरची शेवटची ओवी लावली. आधी जात्याची घरघर ऐकू आली.