दुनळी

उंब्रजच्या आमच्या घरात, माजघरातल्या लोखंडी कपाटात ती उभी असते. बाराबोअरची दुनळी. अंग काळंभोर, दस्ता हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूची माळ, एरवी मुकीच. ऊस रानडुकरांनी लोळवला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय तिनं तोंड उघडायचं नाही.

निवडणूक लागली की नोटीस येते. आबा तिला गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करतात, पावती खिशात ठेवतात. पारावरचे विचारतात, "काय आबा, धाडली का माहेरी?" निकाल लागला की ती परत येते.

आबांना तिच्या बारापेक्षा तिच्या परवान्याचा अभिमान जास्त. १८७८ साली लिटनच्या हत्यार कायद्यानं इथल्या माणसाला परवाना लावला, गोऱ्याला सूट दिली. तो सल काँग्रेसच्या ठरावांत आला. १९४३ नंतर याच साताऱ्यात पत्रीसरकारच्या पोरांनी परवाना न विचारताच बंदुका उचलल्या. १९५९ चा कायदा आपला; पण त्यातही बंदूक हा अमेरिकेसारखा हक्क नव्हे, सरकारनं टाकलेला विश्वास. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका.

"मळ्यात वस्ती. रात्री हाक मारली तर कोण येणार?" आबा म्हणतात. "आणि गावठी कट्टेवाला काय परवाना काढून फिरतो व्हय?"

नात ऐकून घेते. "कट्टेवाला आपल्या दारात कधी आला, आबा? आला तो चुलतआजा."

माजघर गप्प होतं. बांधावरून भांडण पेटलं ती रात्र सगळ्यांना आठवते. आबा कपाटाशी गेले, तर कोनाड्यात किल्ली नव्हती. शिव्या देत त्यांनी सगळं घर पालथं घातलं. तोवर भाऊ निघून गेला, राग उतरला. सकाळी आजीनं तांदळाच्या डब्यातून माप भरून काढलं, त्यात किल्ली होती. कुणीच काही बोललं नाही. आता दोघं भाऊ एकाच पंगतीला बसतात.

त्या रात्री दुनळीनं काहीच केलं नाही. तिच्या साऱ्या आयुष्यात तेवढंच एक मोठं काम.

किल्ली तेव्हापासून आजीच्या कमरेला. खंडेनवमीला आबा मागतात. "कशाला?" ती विचारते. "पूजेला." ती देते. आरती होते, प्रसाद वाटला जातो, आणि आजी न बोलता हात पुढं करते.