कोवळ्या हाडांची घाई

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यांत माळेगांवीं मार्गशीर्ष वद्यांत खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तीन वर्षांपूर्वीं लातूरचे आमचे स्नेही अप्पासाहेब तेथें घोडा पाहावयास निघाले, तेव्हां ‘मास्तर, चला’ म्हणून त्यांनीं आम्हांसहि बरोबर घेतलें. घोड्याची पारख आम्हांस मुळींच नाहीं. पण संस्कृताच्या नादानें शालिहोत्राचें नांव आमच्या तोंडीं असतें, एवढ्यावरच आमचें मत मोलाचें ठरलें. आठ महिन्यांचें एक शिंगरूं पसंत पडलें.

घरीं आल्यावर खुराकाचा प्रश्न निघाला. आम्हीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, “अप्पासाहेब, वाढतें अंग आहे. चंदी वाढवा, कोंडाहि पोटभर घाला.” शिंगरूं झपाट्यानें भरलें. येणारा-जाणारा वाखाणूं लागला आणि आम्ही मनांत फुगलों. वर्षाचें होतें न होतें तोंच त्याच्या पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर गांठीसारखा फुगवटा आला व तें पाय जपून टाकूं लागलें.

त्यास उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत नेलें. क्ष-किरणांचें चित्र पाहून डॉक्टरांनीं जें समजाविलें, तें असें: सुश्रुतानें अस्थींचे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील ‘तरुण’ म्हणजे कूर्चा. लांब हाडाच्या टोकाशीं कूर्चेचा एक थर असतो. हाड लांबतें तें तेथूनच. गुडघ्यावरचा हा थर दोन-अडीच वर्षांपर्यंत पक्का होत नाहीं. चंदी अति झाली म्हणजे अंगाचा भार आधीं वाढतो आणि हा कोवळा थर त्याखालीं चेंगरतो. शिवाय गव्हाच्या कोंड्यांत चुन्यापेक्षां स्फुरद कित्येक पट अधिक. त्याच्या अतिरेकानें हाडास चुना मिळेनासा होतो. तांबें कमी पडलें तरी कूर्चेचें हाड नीट बनत नाहीं.

उपाय साधाच होता. चंदी निम्म्यावर आली, कोंडा बंद झाला. लसूणघास, कडबा आणि क्षारांचें मिश्रण सुरू झालें. कांहीं आठवडे विश्रांति, मग रोज थोडें मोकळें फिरणें. आणि तीन वर्षांचें होईतों पाठीवर खोगीर नाहीं. चार-पांच महिन्यांत फुगवटा ओसरला. उजवा पाय मात्र किंचित् बाहेर वळलेला राहिला, तो कायमचाच. अप्पासाहेब आम्हांस त्याबद्दल एका शब्दानेंहि बोलले नाहींत; म्हणूनच तें आम्हांस अधिक लागतें.

शाळेंत असतांना हुषार मुलास एक इयत्ता गाळून वर चढविण्यांत आम्ही भूषण मानीत असूं. गेल्या महिन्यांत आमच्या नातवाविषयीं घरांत तसाच बेत चालला होता. आम्हीं म्हटलें, “राहूं द्या. वर्षभर खेळूं द्या त्याला.” सूनबाईंनीं नवलानें आमच्याकडे पाहिलें. तेव्हां कारण सांगावयास जीभ रेटली नाहीं. तें येथें लिहून टाकिलें आहे.