नुंगंबाक्कमच्या गल्लीत जीपची शोधाशोध

माझी थोरली बहीण चेन्नईला नुंगंबाक्कममध्ये राहते. दाजी निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात जीप शिरली. जावडीच्या डोंगरात कच्च्या रस्त्यांनी हिंडायचे, एवढाच बेत. पण पैसे फंडातले, म्हणून ताईने मला पुण्याहून बोलावून घेतले. गाड्यांमधले मला फार कळते, असा तिचा (माझ्याखेरीज कुणाचाच नसलेला) समज आहे.

पहिली जीप वळ्ळुवर कोट्टमजवळ पाहिली. काळी कुळकुळीत, रुंद टायर, टपावर चार दिवे. दाजी भाळलेच! मी आधी खाली वाकून पाहिले, तर पुढच्या अ‍ॅक्सलला डिफरेन्शियलचा गोळाच नाही. दिसायला जीप, पण ओढणारी चाके फक्त मागची. महिंद्राने दोन्ही प्रकार विकले आहेत, तेव्हा रूपावर जाऊ नका. शिवाय मूळ बनावटीत केलेले असे बदल कायद्याला चालत नाहीत. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले.

दुसरी एक जिप्सी. एका बंगल्याच्या आवारात झाकून ठेवलेली, आतून नवीकोरी वाटावी अशी. चेन्नईत जुन्या गाडीला दोन पाण्यांची भीती, समुद्राच्या खाऱ्या हवेची आणि पुराची. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ च्या ‘मिचाँग’ वादळात इथे असंख्य गाड्या बुडाल्या. मी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ! गिअरबॉक्सचे तेल पाहिले, तर दुधाळ चहासारखे. मालक म्हणाले, “नुसतं धुतलंय हो.” दाजींनी चष्मा पुसला आणि मुकाट्याने फाटकाबाहेर पडले. रात्री जेवलेही नाहीत नीट.

तिसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो. कूवमकाठच्या पुदुपेट्टैत जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथला एक मेकॅनिक सोबत घेतला. पुन्हा जिप्सीच, पण रंग उडालेली. १९८५ साली आलेली ही गाडी वजनाला जेमतेम टनभर, यंत्रणा साधी. नवशिक्याला रुतली तरी ढकलून काढता येते. मेकॅनिकने ती मोकळ्या मातीच्या ढिगाऱ्यावर नेऊन चारही चाके जोडली, लो गिअर टाकला. पुढची चाके माती उकरत वर चढली. हा प्रयोग कोरड्या डांबरावर करू नये बरे का! पुढची-मागची चाके एकत्र बांधली गेल्याने वळताना गिअरवर ताण येतो.

मग हातोडीने चासी ठोकत तो मागे सरकला. टण्, टण्, टण्... आणि मागच्या पाट्यांजवळ बद्द आवाज. गंज! तेवढ्या वेल्डिंगचा खर्च किमतीतून वजा झाला. नोंदणीची पंधरा वर्षे उलटलेली, म्हणून पुढच्या पाच वर्षांचे नूतनीकरण मालकानेच करून द्यायचे ठरले. चासी नंबर कागदांशी मी स्वतः ताडून पाहिला.

ताई मागच्या आडव्या बाकावर बसून एक फेरी मारून आली. पाट्यांचे स्प्रिंग, हाडे खिळखिळी करणारे.

“ए, जावडीला मी पुढं बसणार,” ती मला म्हणाली, “मागं तू!”