वर्धा जिल्ह्याच्या वाटा आणि मालाचा सारथी

दिवाळी सरली की हिंगणघाटच्या बाजारपेठेत कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. जिनिंगच्या आवारात सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि दिवस मावळताना ट्रक मार्गस्थ होतात. एका गाठीचे वजन सुमारे 170 किलो. शंभर गाठींचा ट्रक म्हणजे सतरा टनांचा भार. पेढीच्या वहीत प्रत्येक गाठीची नोंद असते. ती नेणारा चालक आदल्या रात्री किती तास झोपला, याची नोंद कोणत्याही वहीत आढळत नाही.

हिंगणघाटहून नागपूरकडे निघालेली गाडी जाम येथे येते. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 या गावावरून जातो आणि वरोरा-चंद्रपूरची वाट येथेच फुटते. रात्री ढाब्यांपुढे दूरदूरच्या राज्यांच्या पाट्या लावलेले ट्रक उभे असतात. कोणी बाजेवर आडवा झालेला, कोणी चहाचा पेला हाती घेऊन डोळे चोळणारा. पूर्वी जागे ठेवायला शेजारी क्लीनर असे. आता पुष्कळ गाड्यांवर चालक एकटाच असतो. त्याच्या सोबतीला असतो भ्रमणध्वनी, आणि त्यावर येतो शेठजींचा प्रश्न : ‘कुठवर आलास?’

जिल्ह्याच्या उत्तर भागातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. आज नागपूर-मुंबई अशी त्याची लांबी 701 किलोमीटर आहे. येळाकेळी आणि विरूळ येथून त्यावर चढता येते. चढल्यावर गाव नाही, चौक नाही, समोरून येणारी गाडी नाही. रस्ता इतका सरळ की मनाला काम उरत नाही आणि उघड्या डोळ्यांनी गुंगी येते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे सरकतो. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ 90 मीटर गाडी चालकाविना धावली.

1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर, बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस जण मृत्युमुखी पडले. त्यांत वर्ध्याचेही अनेक होते. त्या पहाटे जिल्ह्यातील कित्येक घरांचे दूरध्वनी वाजले.

रात्री दोन ते पहाटे सहा हा काळ देहधर्माने निद्रेचाच. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असा दंडक घातला होता. परंतु ‘उद्या सकाळी माल पोहोचलाच पाहिजे’ हे एक वाक्य तो दंडक सहज मोडून टाकते, आणि ते वाक्य बहुधा गादीवरून उच्चारले जाते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ यांची गणना आहे. एके काळी हे बैलांविषयी समजावून सांगितले जाई : शक्तीपलीकडे भार लादू नये, वेळेवर चारापाणी द्यावे. आज बैलाच्या जागी चालक आहे. क्षमतेहून अधिक लादलेला ट्रक आणि जेवणझोपेविना हाकलेला माणूस हे त्याच अतिचारांचे आजचे रूप होय. पहाटे रस्त्याच्या कडेने विहार करणाऱ्या साधू-साध्वींना वाहनाने धडक दिल्याच्या वार्ता समाजाने अनेकदा ऐकल्या आहेत. ईर्यासमितीने पुढची भूमी निरखून पाऊल टाकणाऱ्यांच्या मागून झोपेने जड झालेले डोळे येत असतील, तर त्यांच्या सावधतेचा उपयोग तो काय?

उपाय पेढीच्या हातातच आहेत. पोहोचण्याची वेळ ठरवताना विश्रांतीचे तास आधी धरावेत. लांबच्या खेपेस दुसरा चालक द्यावा. गाडी चालू असताना त्याला फोन करू नये. गोदामावर त्याच्यासाठी एक खाट, अंघोळीचे पाणी आणि गरम जेवण असावे. कापूस आणणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी आहे की नाही, हे वजनकाट्यावरच पाहावे. उशिरा पोहोचलेल्या मालाचे नुकसान वहीत लिहिता येते आणि पुढच्या हंगामात भरूनही निघते. जामच्या ढाब्यावर निजलेल्या चालकाला मात्र घरी कोणी वाट पाहणारे असते. त्याला आणखी दोन तास झोपू द्यावे.