समुद्रकाठची एवढीशी खोली

मैत्रिणींनो, समुद्रावर सहलीला जायचं ठरलं की घरातली पुरुषमंडळी माशांच्या ताटाचा विचार करतात, मुलं वाळूच्या किल्ल्याचा. आणि आपण? ओले कपडे बदलायचे कुठे, हा आपला पहिला विचार! खरं ना?

१९८६ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही मुरुडला गेलो होतो. मोठ्या हौसेनं मी पाण्यात शिरले. बाहेर आले, तर आडोसा म्हणून कुठे काही नाही. जाऊबाईंनी चादर धरली, ती वाऱ्यानं उडाली. शेवटी ओल्या साडीवरच शाल गुंडाळून एस.टी.त बसले, ती थेट पुण्यापर्यंत. चार दिवस तापानं फणफणले होते. त्यानंतर समुद्रावर कितीतरी वेळा गेले, पण पाण्यात पाऊल टाकलं नाही. चटईवर बसून पिशव्या आणि चपला राखायच्या, हे माझं ठरलेलं काम.

म्हणूनच गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेले, तेव्हा तिथलं राजवाडे-संग्रहालयांपेक्षा माझ्या लक्षात राहिली ती बोर्नमथची लाकडी खोली. लंडनहून रेल्वेनं दोनेक तासांवर, दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव. वाळूच्या कडेनं फिरायचा लांबलचक रस्ता आणि त्याला लागून एकीला एक चिकटून उभ्या रंगीत खोल्या. त्यांना तिथे ‘बीच हट’ म्हणतात. आपल्या देवघरापेक्षा जरा मोठ्या, एवढंच. लेकीनं एक खोली दिवसभरासाठी भाड्यानं घेतली होती. आत घडीच्या खुर्च्या, चहाचं आधण ठेवण्यापुरती शेगडी, आणि दाराला आतून कडी. ती कडी मी दोनदा लावून पाहिली!

या खोल्यांचा जन्मही बायकांच्या याच अडचणीतून झालेला आहे, बरं का. अठराव्या शतकात तिकडे समुद्रस्नान औषधी म्हणून लोकप्रिय झालं. पण चारचौघांत बाईमाणसानं पाण्यात शिरायचं कसं? मग चाकांवरची लाकडी खोली निघाली. बाईनं आत बसून कपडे बदलायचे, घोड्यानं ती खोली पाण्यात ओढून न्यायची, आणि पायऱ्या उतरून गुपचूप डुबकी मारायची. डुबकी मारायला मदत करणाऱ्या बायकाही असत. ब्रायटनची मार्था गन ही त्यांतली सगळ्यांत नावाजलेली. १८१५ साली ती वारली. राणी व्हिक्टोरियासुद्धा १८४७ मध्ये अशाच खोलीतून समुद्रात उतरली होती. तिची ती खोली वाइट बेटावर ऑस्बर्नला अजून जपून ठेवली आहे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्री-पुरुष एकाच किनाऱ्यावर पोहू लागले. घोडे गेले, चाकं गेली आणि खोली वाळूवर स्थिरावली.

बोर्नमथच्या नगरपालिकेनं १९०९ मध्ये स्वतःच अशा खोल्या बांधून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पालिकेतले एक अभियंता, फ्रेडरिक पर्सी डोलामोर, यांनी त्या आखल्या. पालिकेनं बांधलेली देशातली पहिली खोली ती हीच, असं ते गाव अभिमानानं सांगतं. २०११ साली तिच्यावर निळी पाटीही लावली.

मला कौतुक वाटलं ते मात्र व्यवस्थेचं. काही खोल्या पालिकेच्या मालकीच्या. त्या वर्षभरासाठी किंवा मोजक्या दिवसांसाठी भाड्यानं मिळतात. काही खोल्या खाजगी, पण त्यांच्याखालची जागा पालिकेची. त्यासाठी दरसाल परवाना घ्यायचा आणि पैसे भरायचे. बहुतेक ठिकाणी नियम कडक असतात. रात्री मुक्काम नाही, दुकान थाटायचं नाही, मनाला येईल तो रंग फासायचा नाही. साउथवोल्ड या गावी तर वादळाच्या भीतीनं काही खोल्या हिवाळ्यात उचलून गाडीतळावर नेऊन ठेवतात. आपण पावसाळ्याआधी गच्चीतलं सामान आवरतो ना, तसंच!

पण सगळंच गोड आहे, असं समजू नका. वर्षभराची खोली हवी तर प्रतीक्षायादीत नाव घालायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. बोर्नमथजवळच मडफर्डचा वाळूचा दांडा आहे. तिथल्या खोल्यांत उन्हाळ्यात रात्री राहायची मुभा आहे. घरात नळ नाही, स्वतंत्र संडास नाही, तरीही तिथली एकेक खोली तीन लाख पौंडांच्या वर विकली गेली आहे! ऐकून मी डोक्याला हात लावला. कपडे बदलायला काढलेली खोली बघता बघता श्रीमंतांची ठेव झाली. समुद्र सगळ्यांचा, पण त्याच्या काठावरची कुलुपं मोजक्यांची. म्हणूनच पालिका काही खोल्या स्वतःकडे ठेवून दिवसाच्या भाड्यानं देते, ते मला फार मोलाचं वाटलं. माझ्यासारख्या पाहुणीच्या वाट्याला समुद्र आला तो त्यामुळेच.

आपल्याकडे रंगीत खोल्यांच्या रांगा हव्यात, असं मी मुळीच म्हणणार नाही. आपला पाऊस वेगळा, भरती वेगळी, गर्दी वेगळी. काही किनाऱ्यांवर कपडे बदलायच्या खोल्या झाल्याही आहेत. पण बांधून झाल्यावर त्यांचं पुढे काय होतं? कडी तुटलेली, नळ कोरडा, दाराला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही! खोली बांधणं एकदाचं काम असतं, झाडणं रोजचं. हे घर चालवणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. तेव्हा पुढच्या सहलीला गेलात, की ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत दोन मिनिटं डोकावून विचारा, “बायकांची खोली कुठे आहे? किल्ली कोणाकडे असते?” दहाजणींनी विचारलं की अकरावीला दार उघडं मिळेल.

आणि हो, त्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. जुलै असूनही पाणी बर्फासारखं होतं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि शेवटी लेकीचा हात धरून कमरेपर्यंत गेले. लाट आली तशी तोंडातून किंचाळीच फुटली. परत आल्यावर खोलीत शिरले, कडी लावली, अंग स्वस्थपणे पुसलं, कोरडी साडी नेसले, आणि मग आल्याचा चहा टाकला. त्या सगळ्या वेळात पिशव्या आणि चपला कोणी राखल्या, म्हणता? जावईबापूंनी!