साडेअकरा हजार

मास्तरांचे २,५०० रुपये माझ्याकडे होते. दर महिन्याला ५०० असे पाच महिन्यांत मी ते फेडले. शेवटची नोट घेऊन त्यांनी वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली, वही माझ्यापुढे धरली आणि मिटून ठेवली. हिशेबाने पाहिलं तर मी त्यांचं काही देणं लागत नाही.

भाईंदर पश्चिमेला, उत्तनकडे जाणाऱ्या बसेस सुटतात त्या बाजूच्या एका गल्लीत त्यांचा गाळा होता. सहा बाय आठचा, बिनपाटीचा. भिंतीला चार-पाच गिटारी टांगलेल्या, कोपऱ्यात पोट उघडलेली हार्मोनियम, आणि बाकावर बिस्किटांचे जुने डबे, त्यांत स्क्रू, स्प्रिंगा, तुटक्या खुंट्या. मास्तर मूळचे उत्तनचे. लहानपणी चर्चच्या गाणाऱ्यांत गिटार हातात आली, पुढे गणपती-नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रांत वीसेक वर्षं वाजवली, आणि बोटं आखडायला लागल्यावर दुरुस्तीचं काम धरलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळे मास्तरच म्हणत, मीही तेच म्हणते.

२००८ सालची गोष्ट. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. मी कॉलेज सांभाळून सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, आणि दीड वर्षात ९,००० रुपये जमवले होते. मास्तरांकडे मी साध्या गिटारवर शिकत होते. इलेक्ट्रिक गिटार हवी हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी कधी घे म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. मग मैत्रिणीकडून कळलं की मीरा रोडला शांतीनगरमध्ये एक काकू मुलाची गिटार विकताहेत. मुलगा जहाजावर नोकरीला लागला होता, त्याने फोनवर सांगितलेली किंमत ९,०००. माझ्याकडे होते तेवढेच. मला वाटलं, नशीबच उघडलं.

फसगत नको म्हणून मास्तरांना सोबत घेतलं. ते एक पिशवी घेऊन आले. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, एक केबल आणि पिवळा मल्टिमीटर. एका स्टेशनाचा प्रवास, पुढे चालत.

लाल रंगाची स्क्वायर स्ट्रॅटोकास्टर होती. दिसताक्षणी मला ती माझीच वाटली. मास्तरांनी मात्र आधी काकूंकडे पाणी मागितलं, मग खिडकीपाशी बसून गिटारचं डोकं डोळ्याजवळ आणलं आणि नेकच्या कडेवरून एक डोळा मिटून पाहिलं. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरली आणि मला म्हणाले, "मधे बघ, सातव्यापाशी. किती फट आहे?" व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. "बरी आहे. नेक गेला असता तर आपण चहा पिऊन परत गेलो असतो. बाकी सगळं बदलता येतं." बाराव्या पडद्यावर प्रत्येक तार नुसत्या स्पर्शाने एकदा आणि दाबून एकदा वाजवली. दोन्ही सूर एक यायला हवेत, कारण बारावा पडदा म्हणजे तारेचा बरोबर मध्य. दोन तारांचे सूर हटत होते. पहिल्या तीन पडद्यांना तारांनी चरे पडले होते, आणि ब्रिजचे बारीक स्क्रू गंजून घट्ट बसले होते. आमच्याकडच्या हवेत मिठागरं आणि खाडी दोन्ही असतात. इथे गिटारचं लोखंड आधी म्हातारं होतं, लाकूड मागून.

मूळच्या स्ट्रॅटला तीन सडपातळ पिकअप असतात. हिला ब्रिजपाशी त्यातला एक काढून दुप्पट रुंदीचा हंबकर बसवलेला होता. काकू म्हणाल्या, "ते मुलाने ज्याच्याकडून घेतली त्यानेच केलंय. डुप्लिकेट आहे म्हणे."

हंबकर का बसवतात ते मी मास्तरांच्या गाळ्यातच शिकले होते. एकेरी वेटोळ्याचा पिकअप तारेचा सूर पकडतो, तशीच घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. मास्तरांच्या ट्यूबलाइटचा चोक चालू असला की ॲम्प्लिफायरमधून माशी घोंगावल्यासारखा आवाज यायचा. गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारीशेजारी उलट जोडून ती गुणगुण आपसांत मारून टाकली. त्यासाठी त्यांनी १९५५ मध्ये अर्ज केला आणि १९५९ मध्ये पेटंट मिळालं. लिओ फेंडर यांची स्ट्रॅट १९५४ ची. एकाचं शरीर आणि दुसऱ्याचं काळीज असं जोडकाम करायचा मोह त्यानंतर कितीतरी वाजवणाऱ्यांना झाला.

मास्तरांनी गिटारमध्ये केबल खोचली, आवाजाची कळ पूर्ण उघडली, आणि केबलच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटरच्या सळया लावल्या. मीटर त्यांनी स्वतःपुढे धरला नाही. टीपॉयवर, काकूंना आणि मलाही दिसेल असा ठेवला. आकडा आला १५.४ किलो-ओहम. मास्तर क्षणभर थांबले. "या कळीचा पॉट २५० किलो-ओहमचा असावा. तो वाटेत असल्यामुळे आकडा एकाने खाली दिसतो. खरा साडेसोळाच्या आसपास." मग झाकण उघडलं. आत लाकूड कुणीतरी पटाशीने ओबडधोबड कोरलेलं, डागकाम गोळे-गोळे, पण पिकअपच्या पाठीवर चिकटपट्टी शाबूत: सेमूर डंकन, जेबी.

मला ते नाव माहीत होतं. गप्प राहायचं, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

"बाई," मास्तर काकूंना म्हणाले, "हा डुप्लिकेट नाही. अस्सल आहे. तुमच्या मुलाला कळवा."

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मीच आणलेला माणूस समोरच्याची बाजू घेत होता. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन्सिलीने आकडे मांडले, आणि प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणाले. हीच गिटार, काही न बदललेली, वापरलेली असती तर ९,५००. पटाशीचं कोरकाम परत भरून येत नाही, त्याचे ५०० वजा. नवा जेबी ६,००० च्या घरात, वापरलेला म्हणून निम्मे, ३,००० अधिक. काकूंनी कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली होती, तिच्यात काढलेला मूळ पिकअप निघाला. त्याचे ५०० अधिक. पडदे घासणं, स्क्रू बदलणं, झाळ नीट करणं, १,००० वजा.

साडेअकरा हजार.

"आणि ज्याने बसवला त्याची मेहनत?" काकूंनी विचारलं.

"ती त्याने स्वतःसाठी केली बाई. त्याचं सुख त्याला मिळालं. तिचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे नाहीत."

बदललेल्या गिटारची किंमत करताना आजही मी हे वाक्य धरून चालते. विकणारा आपले सगळे खर्च एकावर एक रचून सांगतो, घेणारा सगळ्या बदलांना खराबी म्हणतो. खरं मोल त्यातल्या काढून घेता येईल अशा वस्तूत असतं, आणि जे परत पूर्ववत होणार नाही त्यात घट असते. जुने सुटे भाग जपलेले असतील तर किंमत सावरते, कारण घेणाऱ्याला परतीची वाट मोकळी राहते.

काकूंनी मुलाला निरोप ठेवला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, ११,५०० ठीक. माझ्याकडे ९,०००. उरलेले मास्तरांनी दिले, मी न मागता. गिटार आणायला आम्ही दोघं पुन्हा गेलो. परतीच्या गाडीत, ती मांडीवर घेऊन, मी त्यांना विचारलंच, "तुम्ही बोलला नसतात तर?" ते दारातून बाहेर मिठागरांकडे बघत होते. "तुला ९,००० ला मिळाली असती," म्हणाले. "आणि जेव्हा जेव्हा वाजवली असतीस तेव्हा ती बाई आठवली असती." थोड्या वेळाने: "मला तर नक्की आठवली असती."

तेव्हा ते मला पटलं नव्हतं. माझा राग चांगला महिनाभर टिकला. पुढे दर रविवारी गाळ्यात बसून पडदे घासायला, झाळ मारायला, पावसाळ्यात पाणी प्यायलेल्या नेकचा रॉड पाव आटा फिरवून थांबायला शिकले. पाव आटा, आणि मग एक रात्र वाट बघायची. लाकडाला वेळ द्यावा लागतो. तारा आणायला ते मला धोबीतलावला फुर्तादोजमध्ये पाठवत. १८६५ पासूनचं ते दुकान, काचेमागच्या नव्या गिटारी बघून मी उशिरा परतायचे आणि ते काही बोलत नसत. हळूहळू लोक मलाच विचारू लागले, ही केवढ्याची, ती केवढ्याची. मास्तरांनी एकच अट घातली होती: जिचा भाव तू सांगशील ती वस्तू तू घ्यायची नाहीस.

मास्तर गेले. वर्षभराने त्यांची सून उत्तनहून त्यांची गिटार घेऊन माझ्याकडे आली. आता माझं कामाचं बाक भाईंदर पूर्वेला घरातच आहे. काळी, कडा झिजून लाकूड दिसणारी गिटार. घरच्यांना कुणीतरी सांगितलं होतं, जुनी आहे, २५-३० हजार येतील.

मी झाकण उघडलं. आत पेन्सिलीने मास्तरांच्या बारीक अक्षरात तारखा होत्या: पडदे कधी बदलले, पॉट कधी, पिकअप कधी. नेक एका गिटारचा, बॉडी दुसरीची. लाकूड दोनदा कोरलेलं. प्रत्येक डाग आरशासारखा स्वच्छ. तीस वर्षांची मेहनत तिथे होती, आणि तिची किंमत किती धरायची ते त्यांनीच मला शिकवलं होतं.

"सात हजार," मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला. मी घाईने विचारलं, "बिस्किटाचा डबा आहे का हो एखादा, बाकावरचा? जुन्या खुंट्या असतील त्यात." तो होता. पुढच्या खेपेला तिने आणला. मूळ खुंट्या, एक पिकअप, कागदात गुंडाळलेले चार स्क्रू. साडेआठ झाले. त्याहून वर मला जाता आलं नाही. रात्री दोनदा वाटलं, आपणच पंचवीस हजार देऊन टाकावेत. पण अट आठवली.

पंधरा दिवसांनी ती एका मुलाला घेऊन आली. उत्तनचाच, चर्चमध्ये वाजवणारा, सतराएक वर्षांचा. हातात पाकीट घट्ट धरलेलं. तो माझ्याकडे संशयाने बघत होता, कारण मी तिच्या ओळखीची होते.

मी दोघांना बसायला सांगितलं, गिटारला केबल लावली, कळ पूर्ण उघडली, आणि मल्टिमीटर बाकाच्या मधोमध ठेवला.